लेण्यांवरची चैत्यकमान नक्की कुणाची?

कातळकोरी

भाजे, कार्ले, बेडसे, नाशिक, अजिंठा. कुठल्याही चैत्यगृहासमोर (म्हणजे आत स्तूप असलेल्या बौद्ध पूजेच्या लेण्यासमोर) उभं राहा, आधी नजरेत भरते ती दर्शनी भागावरची मोठी कमान. पायाशी किंचित आत वळलेली, माथ्यावर टोक काढलेली. कुणी तिला पिंपळपानी म्हणतं, कुणी घोड्याच्या नालासारखी म्हणतं, पुस्तकांत चैत्यगवाक्ष असं नाव सापडतं. हल्ली हिच्या मालकीवरून बरीच भांडणं वाचायला मिळतात. एक बाजू म्हणते ही शुद्ध बौद्ध खूण आहे, देवळांनी ती उचलली. दुसरी म्हणते ही आधीपासून आमचीच. दोन्हीकडची मंडळी कमानीकडे नीट बघत नाहीत असं मला वाटतं, म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं आधीच मांडतो. ही कमान सुताराच्या हातून जन्मली, एका छपराचं तोंड म्हणून. धर्माचा अर्थ तिच्यात नंतर भरला गेला, आणि ज्यांनी ज्यांनी भरला त्यांनी तो मनापासून भरला.

सुरुवात बिहारमधल्या बराबर टेकड्यांपासून करावी लागते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तिथल्या कठीण ग्रॅनाइटमध्ये खोल्या कोरल्या गेल्या, आतल्या भिंती आरशासारख्या घासून काढल्या. यातल्या काही सम्राट अशोकानं आजीविक पंथाच्या साधूंना दिल्याचे लेख तिथेच आहेत. शेजारच्या लोमश ऋषी लेण्याच्या दारावर आपली ही कमान दगडात कोरलेली दिसते. नीट पाहिलं तर ते एका झोपडीचं तोंड आहे: दोन्ही बाजूंना आत झुकलेले खांब, वर वाकवलेल्या पट्ट्या, छपराच्या आडव्या वाशांची बाहेर आलेली टोकं, जाळीचं काम, आणि स्तूपांकडे निघालेली हत्तींची रांग. दगडात यातल्या कशाचीच गरज नव्हती. कोरणाऱ्यांना घर म्हणजे असंच असतं हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तसंच कोरलं. पुढे पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास मौखरी घराण्यातल्या अनंतवर्म्यानं याच लेण्यात कृष्णाची मूर्ती बसवल्याचा लेख कोरवला. एकाच दारावर किती श्रद्धांची ये-जा झाली बघा.

आता आपल्या सह्याद्रीत या. भाज्याचं चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. आतले २७ अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी घरात छपराचा भार खांबांना बाहेर ढकलतो म्हणून सुतार खांब कलते ठेवायचा. डोंगराच्या पोटात ढकलणारं छप्परच नाही, तरी खांब कललेलेच. वर बघितलं की खऱ्या लाकडाच्या फासळ्या दिसतात, आणि त्यांवर त्या काळातली ब्राह्मी अक्षरं सापडलेली आहेत. समोरचा भाग पूर्ण उघडा दिसतो, कारण तिथला दर्शनी पडदा लाकडाचा होता आणि तो गेला. त्याच्या खाचा आणि भोकं तेवढी राहिली.

कार्ल्याला येईपर्यंत दोन-अडीचशे वर्षं लोटली होती. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळपास तेवढंच उंच असं हे दालन. खांब आता सरळ झालेत, त्यांना घटाची बैठक आलीय, माथ्यावर हत्तींवरून जाणारी जोडपी आलीत. सुताराची भीती दगडकोऱ्यानं सोडून दिली म्हणायची. पण फासळ्या? त्या अजूनही सागवानी. इतका अवाढव्य डोंगर पोखरून काढणाऱ्यांना छतावर चार रेघा कोरणं जड नव्हतं. तरी त्यांनी लाकूड वर चढवलं, वाकवलं, दगडातल्या खाचांत बसवलं. त्यावर कशाचाही भार नाही. माझ्या मते त्याशिवाय त्यांना ते 'घर' वाटलं नसतं. शिलालेखात वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीनं, म्हणजे मोठ्या व्यापाऱ्यानं, याला जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृहच म्हटलंय.

आणि माझा सगळ्यात आवडता पुरावा कार्ल्याच्याच दाराजवळ कोरलेला आहे. धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा, यानं हे घराचं मुख केलं असं तिथला लेख सांगतो. त्याचा व्यवसायही दिलाय: वढकी. म्हणजे सुतार. दगडातल्या चैत्याचं तोंड एका सुतारानं केलं आणि त्याचं नाव सुमारे १९०० वर्षं टिकलं.

पुढचा प्रवास देवळांचा आणि त्यापुढचा आपल्या काळातला. तो खाली चर्चेत येईलच. तुमच्याकडे काय काय आहे ते लिहा.

पाऊलवाट

वाचनखूण साठवली. एक शंका. पिंपळपानाशी काहीच संबंध नाही असं म्हणायचंय का? लहानपणापासून ऐकलंय की बोधिवृक्षाचं पान म्हणून तो आकार.

कातळकोरी

@पाऊलवाट, उगम तिथे नाही असं म्हणतोय. भारहूत आणि सांचीच्या स्तूपांवरच्या शिल्पपटांत शहरं दाखवलीत, राजवाडे, वेशी, माड्या. त्या सगळ्यांवर हीच अर्धगोल छपरं आणि हीच कमानीची खिडकी आहे. सज्जात उभं राहून रस्ता बघणाऱ्या माणसांच्या डोक्यावरही तीच. म्हणजे त्या काळी गावात दिसणारं नेहमीचं घर असं होतं, राजाचं काय आणि पूजेचं काय.

पण पिंपळाचा धागा खोटाही नाही. त्याच शिल्पपटांत बोधिवृक्षाभोवती बांधलेलं मंदिर कोरलंय, आणि झाडाच्या फांद्या या खिडक्यांमधून बाहेर आलेल्या दाखवल्यात. हे चित्र ज्यांच्या डोळ्यांत बसलं त्यांना पुढे कमानीतच पान दिसू लागलं तर नवल नाही. श्रद्धेनं जोडलेला अर्थ नंतरचा असला म्हणून कमी ठरत नाही.

मोजपट्टी

वास्तुरचना शिकवते, म्हणून थोडं बांधकामाच्या अंगानं.

आपण हिला कमान म्हणतो, पण बांधकामाच्या हिशेबानं ही कमान नाहीच. खऱ्या कमानीत दगड एकमेकांना दाबून धरतात, मधली किल्ली काढली की सगळं कोसळतं. इथे दाबणं नाही आणि धरणंही नाही. अख्खा डोंगर एकसंध आहे, त्यातून पोकळी काढलीय. आकार वाकलेल्या छपराचा, आणि तो डोळ्यांसाठी ठेवलेला.

असं छप्पर आजही बघायचं असेल तर निलगिरीतल्या तोडा लोकांच्या झोपड्या बघा. वेत आणि बांबू वाकवून त्यावर गवत, पुढचं तोंड सपाट भिंतीनं बंद, मध्ये छोटंसं दार. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाशी त्यांचं साम्य अभ्यासकांनी फार पूर्वीच टिपलंय. नातं सिद्ध करता येणार नाही, पण वाकणारं लाकूड हाताशी असेल तर माणूस काय बांधतो ते कळतं.

दुसरी गोष्ट उजेडाची. चैत्यगृहात उजेडाला मुख्य वाट एकच, ही कमान. दोन्ही बाजूंना खिडक्या नाहीत. दारातून येणारा उजेड जमिनीवर पडतो, कमानीतून येणारा लांब मागे स्तूपापर्यंत पोहोचतो. कार्ल्याचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे दुपारनंतर तो आत आत सरकत जातो. खांबांमागच्या बाजूच्या वाटा अंधारात, मधलं दालन अर्ध्या उजेडात, स्तूप उजळलेला. अर्थ, प्रतीक वगैरे नंतर. आधी तिनं हे काम चोख केलंय.

रंधा_पटाशी

तीन पिढ्या सुतारकाम आमच्याकडे. सामी सुताराचं नाव वाचून काय वाटलं ते सांगता येत नाही.

फासळ्यांबद्दल माझ्या अनुभवातलं. सागवान बांबूसारखं वाकत नाही. एवढ्या मोठ्या गोलाईसाठी दोनच रस्ते: मुळात वाकडं वाढलेलं लाकूड निवडायचं, किंवा गोलाईत तासलेले तुकडे एकापुढे एक जोडत न्यायचे. कोकणात होडी बांधणारे आजही फासळ्यांसाठी झाडाचा वाक बघून लाकूड निवडतात. कार्ल्यात मान वर करून पाहिलं की उलटी घातलेली होडीच वाटते. ज्यानं ते केलं त्याला घरही बांधता येत होतं आणि होडीही येत असणार.

वेरुळला दहा नंबरचं लेणं आहे. गावातले लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात, विश्वकर्मा लेणंही म्हणतात. आमचे आजोबा तिथे दर्शनाला जायचे. आत स्तूपासमोर बसलेली मूर्ती बुद्धाची आहे हे त्यांना ठाऊक होतं, तरी ते हात जोडून 'विश्वकर्मा' म्हणायचे. कारण वर छताच्या फासळ्या. दगडात इतकं हुबेहूब सुतारकाम आमच्या देवाशिवाय कोण करणार?

कातळकोरी

@रंधा_पटाशी, हा प्रतिसाद म्हणजे या धाग्याचं सोनं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींतही सुतार मंडळी तिथे येऊन बुद्धाला विश्वकर्मा म्हणून पुजतात असं लिहिलेलं सापडतं. म्हणजे तुमचे आजोबा एका लांब परंपरेतले.

वेरुळच्या त्या दहाव्या लेण्यात आणखी एक मोठा बदल आहे. सातव्या शतकातलं काम. फासळ्या आता लाकडाच्या राहिल्या नाहीत, दगडातच कोरल्या. अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकांतही पाचव्या शतकात तसंच केलं होतं. पण अजिंठ्यात कमान अजून प्रचंड होती, १९ व्यात तिच्या दोन्ही बाजूंना धष्टपुष्ट यक्ष उभे. वेरुळला ती आक्रसली. अख्ख्या दर्शनी भागावर पसरलेली कमान मधल्या एका खिडकीएवढी झाली, तिच्याभोवती आकाशगामी जोडपी आली, खाली सज्जा आला. खरं मोठेपण आता आतल्या बुद्धमूर्तीकडे गेलं होतं. पूर्वी माणूस बाहेरून कमान बघून थबकायचा, आता आत मूर्तीपाशी जाऊन थबकतो. ही धर्मातलीच घडामोड आहे, आणि ती कमानीच्या मापावर उतरलेली दिसते.

जुन्नरी

जुन्नरला या कमानीचे इतके प्रकार आहेत की आठवडा पुरणार नाही. थोडक्यात तीन ठिकाणं.

तुळजा लेणी: गोल चैत्यगृह, १२ खांबांच्या वर्तुळात स्तूप, वर घुमट. आता तिथल्या एका लेण्यात तुळजादेवी आहे, नाव तिच्यावरूनच.

लेण्याद्री: गिरिजात्मजाच्या दर्शनाला जाणारे हजारो लोक शेजारच्याच चैत्यगृहाजवळून जातात आणि बरेचसे आत डोकावत नाहीत. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत यानं ते दिल्याचा लेख आहे. गणपती बसलाय तोही भिक्षूंचा विहार आहे, मधली भली मोठी जागा आणि कडेनं खोल्या.

मानमोडी: इथे मालकीच्या भांडणावर उत्तर कोरून ठेवलंय. भूतलिंग गटातल्या चैत्याच्या कमानीत मधोमध कमळात उभी लक्ष्मी आहे, दोन्ही बाजूंनी हत्ती. बौद्ध लेणं, दान देणारा यवन चंद, आणि कमानीत गजलक्ष्मी. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या लोकांना यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं.

पाऊलवाट

यवन म्हणजे ग्रीक ना? त्यांची नावं तर अगदी इथलीच वाटतात.

जुन्नरी

हो, पश्चिमेकडून व्यापारानं आलेले आणि इथे रुळलेले. कार्ल्याच्या खांबांवरही धेनुकाकटच्या यवनांची दानं नोंदलेली आहेत. दानाची यादी वाचली की जाणवतं, राजे कमी आणि माणसं जास्त: व्यापारी, सुगंधी द्रव्यं विकणारा, सुतार, भिक्षुणी. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या चैत्याच्या दारावर तर धंबिक नावाच्या एका गावाचं दान कोरलंय. अख्ख्या गावानं मिळून दिलेली कमान.

तगर

तेरचा (जि. धाराशिव) आहे. आमच्या गावचं त्रिविक्रम मंदिर या चर्चेत यायलाच हवं.

विटांचं बांधकाम, मागची बाजू अर्धगोल, वर फुगीर पाठीसारखं छप्पर, आणि पुढच्या तोंडावर चैत्यकमान. म्हणजे भाजे-कार्ल्याच्या लेण्याला डोंगरातून बाहेर काढून मोकळ्या जागेत ठेवलं तर कसं दिसेल ते. आत विष्णू, त्रिविक्रम रूपात. पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी हे मूळचं बौद्ध चैत्य असावं असं मांडलं आणि तेच पुढे सगळीकडे छापलं गेलं. नंतरच्या काही अभ्यासकांचं मत मात्र वेगळं आहे: हे सुरुवातीपासून वैष्णव मंदिरच होतं, तेव्हा पूजाघर बांधायची रीतच अशी होती.

मला दुसरं मत पटतं. प्राचीन तगर ही व्यापारी पेठ होती, वेगवेगळ्या पंथांचे लोक इथे शेजारी राहत होते, आणि गवंडी सगळ्यांचा एकच असणार.

नागनदी

चर्चा छान चाललीय, पण एक गोष्ट मनात येते ती लिहितो. 'कमान कुणाचीच नाही, सगळ्यांची आहे' हे ऐकायला बरं वाटतं. तरी ज्यांच्या हातून ती एकदा पूर्णपणे सुटली त्यांच्या बाजूनं कुणी बोललं नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. माझे आजी-आजोबा त्यात होते. गावी परत आल्यावर वंदनेला जागा नव्हती. मोकळ्या पटांगणात निळा झेंडा आणि पंचशील ध्वज लावायचे, चार खुर्च्या, एक फोटो, हार. नंतर पत्र्याची शेड. मग वर्गणी काढून स्लॅबचा विहार. आणि विहाराच्या दारावर काय हवं यावर गावात वादच झाला नाही. सगळ्यांना ही कमान हवी होती. मिस्त्रीनं जमिनीवर खिळा ठोकून दोरीनं गोलाई आखली, प्लायवूड कापून साचा केला आणि सिमेंटची कमान ओतली. माथ्याचं टोक मनासारखं येईना म्हणून वडिलांनी त्याला अजिंठ्याचं कॅलेंडर आणून दाखवलं होतं.

विदर्भ-मराठवाड्यात फिरलात तर वस्तीत शिरताना लांबून हीच कमान दिसते. लग्नपत्रिकेवर तीच असते, शाळेच्या फाटकावर तीच. आमच्यासाठी ती झोपडीच्या छपराची आठवण नाही. आपल्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरले, आपल्याला इतिहास आहे, हे ती सांगते. ज्यांना देवळाच्या दारातूनच मागे फिरवलं जायचं त्यांनी स्वतःचं दार बांधताना निवडलेला हा आकार आहे.

कातळकोरी

@नागनदी, तुम्ही लिहिलंत ते या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचं आहे. माझ्या मांडणीत ते बसतं असं मी म्हणणार नाही, त्यानं मांडणी पुढे जाते. बाराव्या-तेराव्या शतकानंतर महाराष्ट्रात चैत्यगृह म्हणून या कमानीखाली वंदना म्हणणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. देवळांच्या शिखरांवर ती नक्षी झाली, लेण्यांत वटवाघळं आली. कार्ल्याच्या सामीला ती ओळखीची होती, म्हणून त्यानं केली. तुमच्या गावानं ती हजारो वर्षांच्या रीतींतून शोधून, ठरवून घेतली. इतक्या जाणीवपूर्वक तिला अर्थ देणारी पिढी मला इतिहासात दुसरी दिसत नाही.

देहूरोडचा विहारही इथे नोंदवायला हवा. दीक्षेच्या दोन वर्षं आधी, २५ डिसेंबर १९५४ ला, बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. भाजे-कार्ल्याच्या डोंगरांपासून फार लांब नाही.

मोजपट्टी

नागनदी यांच्या प्रतिसादाला जोडून. दादरच्या चैत्यभूमीचं प्रवेशद्वार सांचीच्या तोरणाची प्रतिकृती आहे. वास्तू १९७१ मध्ये खुली झाली. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप वास्तुविशारद शिवदानमल यांचा, २००१ मध्ये खुला झाला. सांचीचा स्तूप आतून भरीव आहे, त्याला फक्त प्रदक्षिणा घालता येते. दीक्षाभूमीचा आतून पोकळ ठेवला, माणसांनी आत जाऊन बसावं म्हणून. घुमटाचा व्यास सुमारे १२० फूट. जुना आकार घेतला आणि त्याचा वापर पूर्ण बदलला. स्तूपाच्या आत लोक जमतात ही कल्पना सांचीच्या काळात कुणाला सुचली नसती, आणि आज तीच स्वाभाविक वाटते.

१९५६ सालीच दिल्लीत विज्ञान भवन बांधलं गेलं, युनेस्कोच्या परिषदेसाठी. त्याच्या प्रवेशावर प्रचंड चैत्यकमान आहे, काळ्या संगमरवरात मढवलेली. नव्या सरकारला सगळ्या जगाला दाखवायला एक खूण हवी होती आणि तिथेही हाच आकार निवडला गेला. एकाच वर्षी दिल्लीत राज्यसंस्थेनं आणि नागपूरच्या दीक्षेतून उभ्या राहिलेल्या गावागावांनी आपापल्या कारणांसाठी बुद्धाच्या काळाकडे बघितलं, हे मला फार बोलकं वाटतं.

खाडीकाठ

आम्ही आगरी. एकवीरा आमची कुलदेवी. चैत्रात पालखी घेऊन वेहेरगावच्या डोंगरावर, म्हणजे कार्ल्याच्या लेण्यापाशीच, जातो.

वरच्या सगळ्या चर्चेत आई कुठेच आली नाही म्हणून लिहितेय. देऊळ चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी आहे. दर्शनाची रांग लेण्याला लागूनच सरकते. आमच्या बायका नवस फेडून झाला की मुलांना घेऊन लेण्यात जातात, स्तूपाला हात लावून नमस्कार करतात. माझी आजी त्याला पांडवांचं काम म्हणायची. आता मुलांना आम्ही बुद्धाचं सांगतो. पण नमस्काराची सवय तीच. कमानीकडे बोट दाखवून आजी म्हणायची, आईचा दरबार बघ केवढा. तिच्यासाठी कमान आणि देऊळ एकाच जागेचं होतं.

तगर

देवळांचं राहिलंय, कातळकोरी. शिखरावर नक्षी झाली एवढ्यावर सोडू नका.

कातळकोरी

बरोबर, तो भाग खरंच सुंदर आहे.

देवळांनी कमानीशी तीन गोष्टी केल्या. पहिली: ती लहान केली आणि आत चेहरे बसवले. ही सुरुवात लेण्यांतच झाली होती. भाज्यात, बेडश्यात मोठ्या कमानीभोवती छोट्या कमानींच्या ओळी आहेत, जणू चैत्याभोवती माड्यांचं गाव वसलंय. पुढे अजिंठ्यात आणि दक्षिणेत महाबलीपुरमला त्यांतून माणसांचे चेहरे डोकावायला लागले. देवळाचं शिखर म्हणजे देवांची उंच हवेली, आणि प्रत्येक खिडकीत कुणीतरी बसलेलं.

दुसरी: देवळाच्या पुढच्या बाजूला, शिखराच्या पायथ्याशी एक मोठी कमान उभी केली. तिला शुकनास म्हणतात. कर्नाटकातल्या पट्टदकलच्या काशिविश्वनाथ मंदिरात तिच्यात नाचणारा शिव आहे. चैत्यगृहात याच जागेतून उजेड आत जायचा. देवळात गर्भगृहाला उजेड नको, तिथे अंधारच हवा. म्हणून खिडकी बुजली आणि तिच्या जागी देव बाहेर येऊन उभा राहिला. आतला देव बाहेरच्याला इथे दर्शन देतो.

तिसरी गोष्ट मला सर्वात थक्क करते. कमानी अर्ध्या कापून, एकमेकींत गुंतवून त्यांची जाळी विणली. अंबरनाथचं शिवमंदिर, शिलाहारांच्या काळातलं, इ. स. १०६०. किंवा सिन्नरचं गोंदेश्वर. शिखराच्या मधोमध खालून वर चढत जाणारा जो पट्टा आहे, तो जवळून बघा. ती सगळी वेल म्हणजे चैत्यकमानींची जाळी आहे. गवतानं शाकारलेल्या छपराचं तोंड दगडी शिखरावर लेस झालं.

आणि इतकं होऊनही सुतार पूर्ण पुसला जात नाही. जुन्या मंदिरांवरच्या छोट्या कमानींच्या आतल्या कडेला बारीक चौकोनी ठिपके असतात. पुष्कळांना ती नक्षी वाटते. ती छपराच्या आडव्या वाशांची टोकं आहेत, लोमश ऋषीच्या दारावर होती तीच.

रंधा_पटाशी

वाड्यांचंही एक सांगतो. पेशवाईतल्या वाड्याच्या चौकात सुरूच्या आकाराचे सागवानी खांब आणि मध्ये नक्षीदार महिरपी असतात. बघणाऱ्याला वाटतं महिरपीनं वजन पेललंय. वजन वरच्या तुळईवर आहे. महिरप नुसती खाली बसवलेली. आमच्या घरी ती दुरुस्तीला काढली की खांब-तुळई तशीच उभी राहते. कार्ल्याच्या फासळ्यांवर भार नाही असं वर वाचलं तेव्हा हेच आठवलं. त्या महिरपीची घडण मुसलमानी कमानींच्या वळणाची, चैत्याशी थेट नातं नाही. पण भार नसलेला आकार केवळ घराच्या शोभेसाठी लाकडात घडवायचा, हे आमच्या हाताला फार जुनं आहे.

मोजपट्टी

@रंधा_पटाशी +१. आणि तिथे गंमत उलट दिशेनं झालीय. दगड-चुन्याच्या खऱ्या कमानी सुलतानांच्या काळात इथे रुजल्या, आणि मग सुतारानं त्या लाकडात उतरवल्या. कार्ल्याला लाकडाचं दगडात गेलं होतं, पुण्याच्या वाड्यात दगडाचं लाकडात आलं.

नागनदी

धाग्याचं शीर्षक 'कुणाची' असं आहे. माझं उत्तर देतो. कुणी बांधली याची नोंद ठेवावी, नावं मोठ्यानं घ्यावीत: सामी, भूतपाल, सुलसदत, यवन चंद, धंबिकचे गावकरी. कार्ल्याच्या दारावर वढकी वाचता येतो तसं माझ्या गावच्या विहारावरही मिस्त्रीचं नाव घालावं असं आता वाटतंय. पुढच्या बैठकीत मांडतो.

कातळकोरी

नक्की मांडा. कोंडाण्याच्या लेण्यात तर एकाच ओळीचा लेख आहे: कण्हाचा शिष्य बलक यानं केलं. तेवढंच. आज तिथे जाणारा प्रत्येक जण बलकाचं नाव घेतो.

पाऊलवाट

आठवी-नववीच्या मुलांना घेऊन हे दाखवायचं झालं तर क्रम कसा ठेवावा? दोन दिवस आहेत.

कातळकोरी

पहिल्या दिवशी सकाळी भाजे, मग कार्ले. भाज्यात मुलांना खांबांचा कल स्वतः शोधू द्या, एक ओळंबा सोबत न्या. लाकडी पडद्याच्या खाचा दाखवा. कार्ल्यात दुपारनंतर पोहोचा म्हणजे आत उजेड मिळेल, फासळ्या बघायला दुर्बीण असली तर उत्तम. दुसऱ्या दिवशी बेडसे सकाळी, ओसरीच्या भिंतीवरच्या छोट्या कमानी मुलांना मोजायला लावा. तिथून उतरून अंबरनाथ गाठा, म्हणजे लेण्यातली तीच कमान शिखरावर जाळी झालेली त्याच सहलीत बघायला मिळेल. शनिवार-रविवार आणि चैत्रातले यात्रेचे दिवस टाळा, एकवीरेच्या गर्दीत मुलांना लेण्यासमोर उभं राहायला जागा मिळत नाही.